भाड्याच्या घरातली वीस वर्षे : रेड क्लाउड आणि विला कॅथर

अमेरिकेतील नेब्रास्का राज्याच्या दक्षिण सीमेजवळ, रिपब्लिकन नदीच्या काठी, रेड क्लाउड नावाचे एक लहान गाव आहे. २०२० च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९६२ भरली. या गावात थर्ड आणि सीडर या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर दीड मजल्याचे एक साधे लाकडी घर उभे आहे. कादंबरीकार विला कॅथर (१८७३-१९४७) हिचे बालपणीचे घर म्हणून ते ओळखले जाते. १९७१ साली त्याला राष्ट्रीय ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला आणि साहित्याचे विद्यार्थी दूरदूरहून ते पाहायला जातात. या घराविषयीची एक गोष्ट चरित्रग्रंथांत एखाद्या वाक्यात सांगून पुढे जाण्याची पद्धत आहे. कॅथर कुटुंब १८८४ पासून १९०४ पर्यंत, म्हणजे वीस वर्षे, या घरात राहिले. परंतु घर त्यांच्या मालकीचे कधीच नव्हते. ते भाड्याचे होते.

हा तपशील किरकोळ वाटू शकेल. तसा तो का नाही, हे पाहण्यासाठी अमेरिकेच्या पश्चिमेचा इतिहास सहसा कसा सांगितला जातो ते आठवावे लागते. त्या कथनाचा कणा म्हणजे जमिनीची मालकी. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन, पाच वर्षे तिच्यावर राहून ती कसण्याच्या अटीवर, अल्प शुल्कात देऊ केली. कायद्याने घडवलेला हा स्वतःच्या जमिनीवर स्वतःचे घर बांधणारा शेतकरी पुढे राष्ट्राच्या आत्मप्रतिमेचा नायक झाला. गवताची ढेपळे रचून बांधलेले मातीचे घर, मग लाकडी घर, मग पांढरे कुंपण, असा त्या कथेचा चढता क्रम असतो. या क्रमात भाडेकरू कुठेच बसत नाही. त्याने काही जिंकलेले नसते आणि गमावलेलेही नसते; महिना भरला की तो भाडे देतो, इतकेच.

गावाचा जन्मही याच मालकीच्या कथेतला आहे. रिपब्लिकन नदीचे हे खोरे पॉनी लोकांचे होते. त्यांची मातीच्या गोल घरांची वस्ती याच परिसरात, आजच्या गाइड रॉक गावाजवळ होती. १८३३ च्या करारान्वये पॉनींनी प्लॅट नदीच्या दक्षिणेकडील प्रदेश अमेरिकन सरकारला सोडून दिला आणि १८७० च्या दशकात उरलेल्या पॉनींना दक्षिणेकडे, आजच्या ओक्लाहोमात जावे लागले. त्याच दशकाच्या प्रारंभी, १८७१ मध्ये, सायलस गार्बर याच्या पुढाकाराने रेड क्लाउड वसले. हा गार्बर पुढे १८७५ ते १८७९ या काळात नेब्रास्काचा गव्हर्नर होता. गावाला नाव देण्यात आले ते ओग्लाला लाकोटांच्या प्रसिद्ध नायकाचे. तो नायक तेव्हा हयात होता; १९०९ साली तो पाइन रिजच्या राखीव प्रदेशात वारला. ज्यांची भूमी त्या पॉनींचे नाव गावाला मिळाले नाही, आणि ज्याचे मिळाले त्याची वस्ती तिथे नव्हती. मालकी आणि नाव यांची ही फारकत या गावाच्या इतिहासात पुढेही भेटते.

कॅथर कुटुंब मूळचे व्हर्जिनियातले. विलाचे आजोबा विल्यम यांनी १८५१ मध्ये तिथे 'विलो शेड' नावाचे विटांचे प्रशस्त घर बांधले होते. विलाचे काका जॉर्ज १८७३ मध्ये वेबस्टर काउंटीत आले. त्यांच्या मागोमाग आजी-आजोबा आले. मेंढ्यांचा गोठा आगीत भस्मसात झाल्यावर विलाचे वडील चार्ल्स यांनीही व्हर्जिनिया सोडले आणि १८८३ च्या एप्रिलमध्ये हे कुटुंब रेड क्लाउडच्या वायव्येच्या उंच माळावर येऊन पोहोचले. विला तेव्हा नऊ वर्षांची होती. ज्या माळाने तिला पुढे 'ओ पायोनियर्स!' आणि 'माय अँटोनिया' या कादंबऱ्या दिल्या, त्यावर ती जेमतेम दीड वर्ष राहिली. १८८४ मध्ये चार्ल्स कॅथर यांनी गुरे आणि अवजारे लिलावात काढली, ते गावात आले आणि त्यांनी शेतीकर्ज, विमा आणि जमिनीच्या दस्तऐवजांचे काम करणारी कचेरी उघडली. मुलांना शाळा हवी होती, जवळ डॉक्टर हवा होता. राहण्यासाठी त्यांनी काही वर्षांपूर्वीच बांधलेले हे लाकडी घर भाड्याने घेतले.

इथे थोडे थांबायला हवे. जमिनीच्या तारणावर इतरांना कर्ज मिळवून देणारा, जमिनीचे कागद तपासून देणारा माणूस स्वतः मात्र वीस वर्षे परक्याच्या छपराखाली राहतो. हा विरोधाभास वरवरचा आहे. मराठीत आपण शेत कसणाऱ्याला 'कूळ' म्हणतो आणि घरात राहणाऱ्याला 'भाडेकरू'. एकाच इंग्रजी शब्दाखाली झाकली जाणारी ही दोन नाती आपली भाषा वेगळी ठेवते, आणि प्रेअरीवरही ती वेगळीच होती. कूळ होणे म्हणजे होमस्टेडच्या स्वप्नात अपयशी ठरणे. गावातला भाडेकरू असणे यात तसे काही लाजिरवाणे नव्हते. रेल्वेमुळे अकस्मात वाढलेल्या गावात लाकूड बाहेरून आणावे लागे. आज भरभराटीत असलेले गाव दहा वर्षांनी तसेच राहील याची शाश्वती नसे. ज्याचा धंदाच पैसा फिरवण्याचा, त्याने आपले भांडवल चार भिंतींत अडकवून ठेवणे टाळले असेल, असे अनुमान करता येते.

आणि तो एकटा नव्हता. १८९० च्या अमेरिकन जनगणनेत प्रथमच प्रत्येक कुटुंबाला विचारले गेले की राहते घर मालकीचे की भाड्याचे. उत्तर विलक्षण होते. शेतावरची घरे वगळली, तर देशातील साधारण ३७ टक्के घरेच राहणाऱ्यांच्या मालकीची निघाली. म्हणजे शेतीबाहेरची जवळजवळ दोनतृतीयांश कुटुंबे भाड्याने राहत होती. याच जनगणनेच्या आधारे, आता सलग अशी सरहद्द उरलेली नाही, असा निर्वाळा देण्यात आला आणि त्यावरूनच इतिहासकार फ्रेडरिक जॅक्सन टर्नर याने १८९३ मध्ये शिकागो येथे आपला सुप्रसिद्ध सिद्धान्त मांडला : मोकळ्या जमिनीच्या उपलब्धतेने अमेरिकन माणूस घडवला. एकाच जनगणनेतून दोन गोष्टी हाती आल्या होत्या. सरहद्द संपल्याचे वाक्य पाठ्यपुस्तकांत गेले. भाडेकरूंचा आकडा तक्त्यांतच पडून राहिला. पुढे १९२१ साली वॉशिंग्टनमध्ये लागलेल्या आगीत त्या जनगणनेच्या मूळ पत्रकांचे मोठे नुकसान झाले. १८९० मध्ये घरोघरी दिलेली उत्तरे अशा रीतीने इतिहासाला अंतरली.

कागदांनी सोडलेली ही जागा रेड क्लाउडमध्ये एका भिंतीने भरून काढली आहे. घर लहान आणि माणसे पुष्कळ. आई-वडील, आजी रेचल बोक, व्हर्जिनियाहून आलेली चार मुले, रेड क्लाउडमध्ये जन्मलेली आणखी तीन, एक चुलत-मावस नात्यातली मुलगी आणि मार्जरी अँडरसन नावाची घरकामाची बाई. आजीच्या वाट्याला आलेली खोली म्हणजे घरातल्या सर्वांची जायची-यायची वाट होती. मुले वर माळ्यावर झोपत. विला मोठी होऊ लागली तेव्हा माळ्याच्या एका बाजूची चिंचोळी, उतरत्या छपराची जागा तिला स्वतंत्र मिळाली. गावातल्या औषधांच्या दुकानात काम करून तिने भिंतीला लावायचा कागद मिळवला आणि तो स्वतः चिकटवला. त्यावर लाल आणि तपकिरी गुलाबांची लहान लहान फुले होती. हा कागद आजही त्या भिंतींवर आहे.

भाड्याच्या घराला आपल्या श्रमातून मिळवलेला कागद लावणारी ही मुलगी काय करत होती, हे ज्यांनी वाड्यातल्या किंवा चाळीतल्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटले आहे त्यांना समजावून सांगावे लागत नाही. घर आपले नसते; त्यात ठोकलेला खिळा, काढलेली रांगोळी, रंगवलेले कपाट आपले असते. कायद्याच्या दृष्टीने असा खर्च मालकाच्या खात्यात जमा होतो. राहणाऱ्याच्या दृष्टीने तो हक्क सांगण्याचा एकमेव मार्ग असतो. 'द साँग ऑफ द लार्क' (१९१५) या कादंबरीत थीया क्रोनबर्ग या गायिकेच्या घडणीचे पहिले स्थान म्हणून कॅथरने हीच खोली, याच गुलाबांच्या कागदासह, उभी केली. गर्दीच्या घरात मिळालेल्या त्या एवढ्याशा एकांतात थीयाचे मन प्रथम स्वतःशी बोलू लागते. त्या एकांताला मालकीहक्काची गरज भासली नाही. दार लावून घेता येणे पुरेसे होते.

मात्र कॅथरने आपल्या कुटुंबाची ही अवस्था सर्वत्र जशीच्या तशी वापरली नाही. 'माय अँटोनिया' (१९१८) मध्ये जिम बर्डनचे आजी-आजोबा माळावरचे शेत सोडून ब्लॅक हॉक गावी राहायला येतात. ब्लॅक हॉक म्हणजे रेड क्लाउडच. तिथे ते काय करतात? शेत भाडेपट्ट्याने एका विधवेला आणि तिच्या भावाला देतात आणि गावाच्या उत्तर टोकाला असलेले एका धर्मोपदेशकाचे घर विकत घेतात. वास्तवात गावात येऊन भाडेकरू झालेले कुटुंब कादंबरीत एकाच वेळी शेतमालक आणि घरमालक होते. हा बदल एका वाक्यात होऊन जातो आणि वाचक तो सहज ओलांडून जातो. त्याचा परिणाम मात्र पुस्तकभर जाणवतो. जिम ज्या निश्चिंत उंचीवरून अँटोनियाकडे आणि इतर 'कामवाल्या मुलीं'कडे पाहतो, त्या उंचीखाली ही मालकी आहे. त्या मुली गावात दुसऱ्यांच्या घरी राबतात आणि त्यांची मजुरी बापाच्या शेतावरचे कर्ज फेडण्यात, अवजारे घेण्यात जाते. अँटोनियाच्या कुटुंबाने आपल्याच देशबांधवाकडून जमीन आणि तिच्यातले भुयारवजा घर अवाच्या सवा किमतीला घेतलेले असते. जिमचे कुटुंब भाड्याने राहत असते, तर त्याच्या आणि तिच्यामधले अंतर इतके स्वच्छ आखता आले असते का, हा प्रश्न ही कादंबरी शिकवताना विचारण्याजोगा आहे.

याच कादंबरीत विक कटर नावाचा सावकार आहे. परदेशांतून आलेल्या शेतकऱ्यांना तो कर्जाच्या विळख्यात ओढतो. रशियन पीटरचे सारे चंबूगबाळे त्याच्यापायी विकले जाते. इथेही कॅथरच्या घरचा व्यवसाय आठवल्यावाचून राहत नाही. चार्ल्स कॅथर हे मवाळ स्वभावाचे, सचोटीचे गृहस्थ म्हणून ओळखले जात. कटरशी त्यांचे काही साम्य नाही. परंतु शेतीकर्ज ही गोष्ट त्या घरात ऐकलेली, पाहिलेली होती. 'ओ पायोनियर्स!'मधील अलेक्झांड्रा दुष्काळात जमीन गहाण टाकून आणखी जमीन घेते आणि श्रीमंत होते; पीटर कर्जापायी देशोधडीला लागतो. तारणाचे हे दोन्ही चेहरे एकाच लेखिकेने रेखाटले. त्या दोहोंच्या मध्ये, कर्ज घेऊन जमीनही न घेतलेला आणि कर्जबाजारीही न झालेला भाडेकरू तिच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत जवळजवळ नाही.

आपल्या घराकडे ती पूर्णपणे वळली ती उतारवयात. 'ओल्ड मिसेस हॅरिस' (१९३२) या दीर्घकथेतल्या आजीला झोपायला स्वतंत्र खोली नाही. तिची जागा म्हणजे घरातल्या सर्वांच्या पायाखालची वाट, आणि या गोष्टीची तिला तक्रार नाही. शेजारणीला मात्र ती खुपते. नातीच्या विद्यापीठाच्या शिक्षणासाठी पैसे कमी पडतात तेव्हा ही आजी कुणालाही न कळवता शेजाऱ्याकडे शब्द टाकते. मृत्यूनंतर १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द बेस्ट इयर्स' या कथेत मुलांचा माळा पुन्हा येतो. हिवाळ्यात छपराच्या फटींतून भुरभुरत येणारे बर्फ त्यांच्या पांघरुणांवर पडते. कथेच्या अखेरीस हे कुटुंब नव्या, सोयींनी युक्त अशा घरात राहते आहे आणि आईला मात्र जुन्या घराची ओढ लागलेली आहे. कॅथर तेव्हा सत्तरी ओलांडून गेली होती. घराचे मोल त्याच्या दर्जावर ठरत नाही, ही समजूत भाड्याच्या घरात वाढलेल्या माणसाला लवकर येते. तिला ती शब्दांत आणायला साठ वर्षे लागली.

वास्तवातले नवे घर आले ते १९०४ साली. मधल्या काळात १८९३ चे आर्थिक अरिष्ट आणि लागोपाठचे अवर्षण यांनी नेब्रास्काचे कंबरडे मोडले होते. गावाचा संस्थापक गार्बर याची बँकही त्यात बुडाली; त्या पडझडीची छाया पुढे 'अ लॉस्ट लेडी' (१९२३) या कादंबरीवर पडली. दिवस सुधारल्यावर चार्ल्स कॅथर यांनी सिक्स्थ आणि सुअर्ड या रस्त्यांच्या कोपऱ्यावर मोठे घर विकत घेतले. विला तेव्हा पिट्सबर्गमध्ये होती. या घरात ती आली ती पाहुणी म्हणून, शेवटची १९३१ च्या नाताळात, आईच्या मृत्यूनंतर. आणि इतिहासाने या दोन घरांची कशी अदलाबदल केली पाहा : भाड्याचे घर स्मारक झाले, तर मालकीचे घर पुढे बाहेरगावच्या वाचकांना रात्रीच्या मुक्कामासाठी भाड्याने दिले जाऊ लागले.

स्वतः कॅथरने पुढेही भाड्याच्याच घरांत आयुष्य काढले. एडिथ लुईससह ती न्यूयॉर्कमध्ये बँक स्ट्रीटवरच्या बिऱ्हाडात चौदाएक वर्षे राहिली. तिच्या उत्तम कादंबऱ्यांपैकी बऱ्याच तिथल्या. १९२७ मध्ये भुयारी रेल्वेच्या बांधकामापायी ती जागा सोडावी लागली आणि इमारत पाडली गेली. पुढची पाच वर्षे हॉटेलात गेली. १९३२ पासून अखेरपर्यंत पार्क अव्हेन्यूवरची भाड्याची सदनिका होती. मालकीचे घर म्हणावे असे एकच, कॅनडातल्या ग्रँड मानन बेटावरची उन्हाळ्यापुरती लहानशी कॉटेज. तिचे दफनही रेड क्लाउडमध्ये झाले नाही. न्यू हँपशायरमधल्या जॅफ्री गावी झाले, जिथल्या खाणावळवजा हॉटेलात खोल्या घेऊन ती शरद ऋतूत लिहायला जाई. आपल्याकडे 'विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर' असे म्हणतात. कॅथरच्या पाठीवर जे बिऱ्हाड होते ते थर्ड आणि सीडरच्या कोपऱ्यावरचे.

ते घर वाचले ते गावकऱ्यांच्या खटाटोपामुळे. रेड क्लाउडच्या मिल्ड्रेड बेनेट यांनी कॅथरच्या साहित्यामागच्या माणसांचा आणि जागांचा कसून शोध घेतला. त्यांचे 'द वर्ल्ड ऑफ विला कॅथर' हे पुस्तक १९५१ मध्ये निघाले आणि १९५५ मध्ये त्यांनी इतरांसह स्मारक संस्था स्थापन केली. या संस्थेकडे आज गावाच्या दक्षिणेची, कधीही न नांगरलेली सहाशे एकरांहून अधिक प्रेअरीही आहे. या प्रयत्नांविषयी आदर बाळगूनही एक प्रश्न उरतो. वीस वर्षे भाडे भरून राहिलेल्या कुटुंबाच्या नावे घर होऊ शकते, कारण त्या कुटुंबातल्या मुलीने त्याच्याविषयी लिहिले. मग ज्या पॉनींनी या खोऱ्यात पिढ्यान् पिढ्या वास्तव्य केले, पण ज्यांच्या वास्तव्याला इंग्रजीत कादंबरीकार लाभला नाही, त्यांचे इथे काय आहे? कॅथरच्या माळावर प्रेअरी बहुधा रिकामीच असते. तिची माणसे येतात आणि मग इतिहास सुरू होतो. 'माय अँटोनिया'त गवतावर उमटलेले, इंडियनांच्या फेऱ्यांचे मानले जाणारे एक पुसट वर्तुळ तेवढे दिसते.

वास्तव्याने हक्क निर्माण होतो हे एकदा मान्य केले की तो न्याय सोयीने थांबवता येत नाही. कॅथरच्या माळ्यावरच्या खोलीने आपल्याला हेच तत्त्व शिकवले आहे : जागा ज्याच्या नावावर आहे त्याचीच ती असते असे नाही, जो तिथे जगला त्याचीही ती असते. 'माय अँटोनिया' वर्गात वाचताना विद्यार्थ्यांना हे दोन तपशील शेजारी ठेवून दाखवावेत, असे वाटते : कादंबरीतल्या आजोबांनी विकत घेतलेले घर, आणि त्याच गावात लेखिकेच्या वडिलांनी वीस वर्षे भरलेले भाडे. या दोहोंच्या मधल्या जागेत प्रेअरीचा बराचसा न लिहिलेला इतिहास आहे. गवतावरचे ते वर्तुळही तिथेच आहे.